पाणी हेच वंगण

फेब्रुवारी-मार्च महिन्यांत धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘मोटर जळाली.’ शेतात उन्हाळ कांदा उभा असतो, त्याला पाणी हवे असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत विहिरींचे तळ उघडे पडू लागतात. रिवाइंडिंगच्या दुकानासमोर चिखलाने माखलेल्या लांबट नळकांड्यांसारख्या मोटरी ओळीने पडलेल्या असतात. मालक दोष देतो तो विजेला. व्होल्टेज कमी होते, एक फेज गेला होता, तारा लोंबकळत होत्या. यातले पुष्कळ खरेही असते. परंतु मोटर उघडल्यावर कारागीर आधी पाहतो ते तांब्याच्या वेटोळ्यांकडे नव्हे, तर बेअरिंगकडे. कारण अनेकदा आधी बेअरिंग झिजते, मग फिरता रोटर आपल्या जागेवरून किंचित ढळतो, भोवतीच्या स्टेटरला घासू लागतो, आणि शेवटी वायंडिंग जळते. या दोहोंमधील फट एक मिलिमीटरहूनही कमी असते. तेव्हा ‘ढळणे’ म्हणजे काही फार मोठे अंतर नव्हे.

या बेअरिंगबद्दलची एक गोष्ट शहरी वाचकाला सहसा ठाऊक नसते, जरी त्याच्या स्वतःच्या सोसायटीच्या बोअरवेलमध्ये तसलेच यंत्र लटकत असले तरी. पाणी भरलेल्या पाणबुडी मोटरीत, म्हणजे सबमर्सिबल पंपाच्या मोटरीत, वंगणासाठी तेल नसते, ग्रीस नसते. मिनिटाला सुमारे २,८८० फेरे घेणारा तिचा दांडा ज्यावर तोलला जातो, ते वंगण म्हणजे साधे पाणी. दांड्याला वर पंपात धरून ठेवणारी बुशे पुष्कळदा रबराची असतात. आणि रबर हा तर पाण्याला जवळ न करणारा पदार्थ. ज्याला पाणी चिकटत नाही, त्याला पाण्याचेच वंगण कसे चालते? प्रश्न वरवर पाहता कुतूहलाचा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या उत्तरावर मोटरीचे आयुष्य अवलंबून असते.

साक्रीच्या परिसराला पाण्याची यंत्रे नवी नाहीत; किंबहुना यंत्रावाचून पाणी खेळवण्याची कलाही येथे जुनी आहे. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवरील फड पद्धती काही शतके चालत आली. नदीत दगडी बंधारा घालायचा, पाटाने पाणी काढायचे आणि गावकऱ्यांनी फडाफडाने ते वाटून घ्यायचे. त्यात फिरणारा एकही भाग नाही, म्हणून वंगणही नाही. उतार हीच शक्ती. विहिरीवरच्या मोटेला मात्र चाक होते, आस होता, आणि त्याची कुरकुर होती. ती थांबवायला तेल लागे. पुढे तेलाची इंजिने आली, विजेचे पंप आले, पाण्याची पातळी खोल गेली आणि पंपही तिच्या मागोमाग पाण्यात उतरला. येथील भूमी दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. त्यात धुळे-नंदुरबार भागात जुन्या लाव्हाच्या उभ्या भिंती, ज्यांना भूशास्त्रज्ञ ‘डाइक’ म्हणतात, मोठ्या संख्येने घुसलेल्या आहेत. असा खडक पाणी साठवतो ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांमध्ये. त्यामुळे दोन शेजारच्या विहिरींतही पाण्याचे मान निराळे असते, आणि उपसा सुरू झाला की पातळी झपाट्याने खाली येते. काठावर बसवलेला पंप ठराविक खोलीपलीकडे पाणी ओढू शकत नाही. वातावरणाच्या दाबाचीच ती मर्यादा आहे. पाण्यातच बसून ते वर ढकलणारा पाणबुडी पंप म्हणूनच येथे रूढ झाला.

हा पंप उघडून पाहिला तर खाली मोटर आणि वर पंप अशी रचना दिसते. मोटरीच्या पोटात स्वच्छ पाणी भरलेले असते. वायंडिंगच्या तांब्याच्या तारेला प्लास्टिकचे जलरोधक वेष्टन असते, म्हणून ती पाण्यात राहूनही वीज वाहते. पाणी तापून फुगले तर त्याला जागा मिळावी म्हणून तळाशी एक रबरी पडदा असतो, आणि वरून वाळू आत शिरू नये म्हणून दांड्यावर सँडगार्ड. दांडा सरळ राहावा यासाठी वरखाली बुशे असतात. तळाशी असते ते थ्रस्ट बेअरिंग; साऱ्या यंत्राचे ओझे त्यावर. पंप पाणी वर फेकतो तेव्हा त्याची प्रतिक्रिया दांड्याला खाली रेटते. पाणी जितके उंच चढवायचे तितका हा भार अधिक. मोठ्या पंपात तो शेकडो किलोंच्या घरात जातो. तो भार पेलतात कार्बनच्या काही छोट्या गाद्या आणि त्यांच्यावर फिरणारी पोलादाची गुळगुळीत तबकडी. मध्ये काय? तर पाण्याचा एक पापुद्रा, काही मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉनचा असतो, यावरून कल्पना यावी.

या गाद्या किंचित कलू शकतील अशा बसवलेल्या असतात. तबकडी फिरू लागली की त्या आपोआप थोड्या तिरप्या होतात, पुढची कड किंचित उचलली जाते, आणि फिरणारी तबकडी पाण्याला त्या निमुळत्या फटीत खेचत नेते. निमुळत्या जागेत कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि तो दाबच भार उचलून धरतो. ऑस्ट्रेलियात अँथनी मिशेल आणि अमेरिकेत आल्बर्ट किंग्जबरी या दोन अभियंत्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, ही युक्ती शोधून काढली. आज अजस्र जहाजांच्या दांड्यांना आधार देणारे तत्त्व हेच आणि आपल्या बोअरमधल्या पंपाचेही हेच.

वंगणाचा थर ओझे उचलतो ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती मात्र अपघातानेच. ब्युशॅम्प टॉवर नावाचे इंग्लिश अभियंते रेल्वेच्या आसांचे घर्षण मोजत होते. त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी एक भोक पाडले. पण आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर येऊ लागले. भोकात लाकडी खुंटी ठोकली तर ती खुंटीही बाहेर ढकलली गेली. मग तेथे दाबमापक लावला, तेव्हा त्याचा काटा शेवटच्या आकड्यापलीकडे गेला. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगावरून ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये वंगणाचे गणित मांडले. त्याचे सार असे की फिरण्याचा वेग, द्रवाची श्यानता म्हणजे त्याचा दाटपणा, आणि निमुळती फट या तिघांच्या संगनमताने दाब उत्पन्न होतो. तिघांपैकी एक जरी कमी पडला तरी उरलेल्या दोघांना त्याची भरपाई करावी लागते.

पाणी येथेच उणे पडते. चाळीस अंश तापमानाला नेहमीचे यंत्रतेल पाण्यापेक्षा सुमारे पन्नास ते शंभर पट दाट असते. शिवाय भाराखाली चिरडले गेल्यावर तेल अधिकच घट्ट होते आणि थर फाटू देत नाही. पाण्याला हा गुण जवळजवळ नाही. वर पाणी तापले की आणखी पातळ होते : वीस अंशांवरून पन्नास अंशांवर जाताना त्याची श्यानता जवळपास निम्मी होते. थोडक्यात, वंगण म्हणून पाहिले तर पाणी हे गरीब वंगण. त्याच्या बाजूने सांगण्यासारखे दोन गुण : ते उष्णता भरपूर वाहून नेते, तेलाच्या सुमारे दुप्पट, आणि ते जेथे पंप आहे तेथे फुकट आणि मुबलक असते. निदान असावे अशी अपेक्षा असते.

आता रबराकडे वळू. मराठीत ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार क्षणभंगुर गोष्टींसाठी वापरतात. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब पसरत नाही. मोत्यासारखा गोल राहतो आणि पान जरा कलले की घरंगळून जातो. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला स्पर्शकोन म्हणतात. १८०५ मध्ये टॉमस यंग यांनी त्याचा विचार मांडला. कोन नव्वद अंशांहून कमी असेल तर पृष्ठभाग जलस्नेही, अधिक असेल तर जलद्वेषी. स्वच्छ काचेवर पाणी पसरते, तेथे हा कोन अगदी लहान. टेफ्लॉनवर तो सुमारे ११० अंश, रबरावर नव्वदच्या वर थोडासा, आणि अळूच्या वा कमळाच्या पानावर दीडशे अंशांहूनही अधिक. पानांच्या बाबतीत मेणचट थराबरोबर सूक्ष्म उंचवट्यांचाही वाटा असतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्टलॉट यांनी १९९७ साली त्याचे सविस्तर विवेचन केल्यावर त्याला ‘लोटस इफेक्ट’ हे नाव सर्वत्र मिळाले.

थेंब घरंगळतो म्हणजे पृष्ठभाग निसरडा, आणि निसरडा म्हणजे वंगणाला उत्तम, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. जाहिरातींनी तो मोह वाढवला आहे. पण थेंब पानावरून घरंगळणे ही एक गोष्ट, आणि दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले गेले असता मध्ये पाण्याने टिकून राहणे ही अगदी दुसरी. दुसऱ्या परीक्षेत जलद्वेषी पृष्ठभाग नापास होतात. भार पडला आणि वेग कमी असला की ते मधले पाणी बाजूला सारतात आणि एकमेकांना कोरडेच भिडतात. याहून पुढची गोष्ट म्हणजे, पाण्यात बुडालेले दोन जलद्वेषी पृष्ठभाग जवळ आणले तर ते परस्परांना ओढून घेतात. जेकब इस्राएलाश्विली आणि रिचर्ड पॅशली यांनी १९८२ साली हे आकर्षण प्रत्यक्ष मोजून दाखवले. पाण्यात तेलाचे थेंब एकत्र येतात, त्याच्याशी याचे नाते आहे : पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहू पाहतात आणि परक्याला एका कोपऱ्यात लोटतात.

निसर्गाने जेथे पाण्याचे वंगण मनापासून वापरले आहे, तेथे त्याने उलट वाट धरली आहे. आपल्या गुडघ्यातील कूर्चा जलस्नेही असते. तिच्या पृष्ठभागावरील विद्युतभारित रेणू पाण्याला असे धरून ठेवतात की शरीराच्या भाराखालीही तो शेवटचा थर निसटत नाही. म्हणूनच बसलेला माणूस उठतो तेव्हा, वेग शून्य असतानाही, सांधा करकरत नाही. निदान तरुणपणी तरी नाही.

मग रबरी बुश चालते कसे? याचे उत्तर साक्रीवरून जाणाऱ्या सुरत-धुळे महामार्गावर, जो पूर्वी क्रमांक ६ होता आणि आता ५३ आहे, एखाद्या पावसाळी दिवशी सापडते. गाडीचे टायर रबराचे, म्हणजे जलद्वेषी. ताजे डांबरही जलद्वेषी; पावसाचे थेंब त्यावर गोळा होताना आपण पाहतो. पाण्याला नकोसे वाटणारे हे दोन पृष्ठभाग, मध्ये पाणी, आणि वर गाडीचे सारे ओझे. गाडी हळू असेल तर टायर पाणी बाजूला सारून रस्त्याला घट्ट धरते. जलद्वेष येथे आपल्या मदतीला येतो. वेग वाढत गेला की पाण्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. ते टायरच्या पुढ्यात पाचरीसारखे साठते, पाचरीतला दाब टायरमधील हवेच्या दाबाएवढा झाला की चाक रस्त्यावरून उचलले जाते, आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. अमेरिकेच्या ‘नासा’ने विमानांच्या धावपट्ट्यांसाठी १९६० च्या दशकात केलेल्या अभ्यासातून याचे एक सोपे सूत्र निघाले : टायरमधील दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात हा घातक वेग वाढतो. तीस पौंड हवा असलेल्या टायरसाठी तो, पाणी टायरच्या खाचांहून खोल साचलेले असेल तर, ताशी सुमारे ९१ किलोमीटर येतो. हवा वीस पौंडांवर उतरली असेल तर ७४. टायरवरच्या खाचा शोभेसाठी नसतात, त्या पाण्याला पळवाट देतात. हवा कमी, खाचा झिजलेल्या आणि वेग भरधाव, ही तिन्ही एकत्र आली की त्या गाडीखाली एक उत्कृष्ट जलवंगण बेअरिंग तयार होते. रस्त्यावर ते नको असते. पंपात नेमके तेच हवे असते.

पाण्याचे वंगण पृष्ठभागाच्या मर्जीवर नव्हे, वेगावर उभे असते ते असे. पंपाचा दांडा पंचवीस मिलिमीटर व्यासाचा धरला तर २,८८० फेऱ्यांना त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला पावणेचार मीटरांहून किंचित अधिक येतो. म्हणजे सायकलस्वाराच्या निवांत चालीइतका. ऐकायला काही फार नाही. पण तेवढा वेग पाण्याला जबरदस्तीने फटीत कोंबायला पुरतो. रबर मऊ असल्यामुळे दाबाखाली किंचित दबते, तेथे एक उथळ खळगा बनतो, भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो आणि पातळ पाण्याचाही थर टिकून राहतो. धातूवर धातू असता तर इतक्या पातळ पाण्याने उंचवट्यांना एकमेकांपासून दूर ठेवणे कठीण झाले असते. अशा चालत्या बुशातील घर्षणांक एक शतांशाच्या आसपास येतो. तेच बुश थांबलेल्या स्थितीतून सुरू होताना मात्र काही दशांशांपर्यंत जाते, म्हणजे दहापट किंवा त्याहूनही अधिक. मोटर सुरू होण्याचे पहिले क्षण आणि बंद होण्याचे शेवटचे क्षण हे बुशाच्या आयुष्यातील सर्वांत महागडे क्षण होत.

रबर हेच का, याची कथा जहाजांपासून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगबोटींना वल्ह्यांच्या चाकांऐवजी पाठीमागे पंखा आला. त्याचा दांडा जेथे जहाजाच्या तळातून समुद्रात उतरतो, तेथील पितळी बेअरिंगे पाहता पाहता झिजू लागली. जॉन पेन या इंग्लिश अभियंत्याने १८५४ मध्ये लिग्नम व्हाइटी या लाकडाच्या पट्ट्या बसवण्याचे पेटंट घेतले. कॅरिबियन प्रदेशातले हे लाकूड पाण्यात टाकले तर बुडते, इतके जड; आणि त्याच्या अंगात पाण्याला दाद न देणारी राळ असते. समुद्राच्या पाण्याचेच वंगण घेऊन या पट्ट्या पितळेपेक्षा कितीतरी पटींनी टिकल्या आणि पुढे शतकभर जहाजांतून त्यांचाच वापर होत राहिला. रबराची पाळी आली ती १९२० च्या दशकात. कॅलिफोर्नियातील एका खाणीत चार्ल्स शेरवुड या खाण अभियंत्याच्या पंपाचे बेअरिंग निकामी झाले, दुसरे हाताशी नव्हते, म्हणून त्याने रबरी नळीचा तुकडा तात्पुरता बसवला, आणि तो धातूच्या बेअरिंगहून अधिक टिकला, अशी हकिगत सांगितली जाते. खाणीचे पाणी गढूळ होते, आणि रबराच्या यशाचे मर्मही त्यातच होते. कठीण बुशात वाळूचा कण शिरला की तो दोन्ही पृष्ठभाग ओरखडत जातो. रबर त्या कणाला वाट देते. कण थोडा दबून, गडगडत पुढे सरकतो आणि बुशाच्या खाचेत पडून पाण्याबरोबर वाहून जातो. बुशाच्या आतील उभ्या खाचा त्यासाठीच असतात. बेसाल्टमधील विहिरीचे पाणी पावसाळ्यानंतर गढूळ येते, तेव्हा ही व्यवस्था किती मोलाची आहे ते कारागीर जाणतो.

रबराच्या जलद्वेषाचा खरा उपयोग आहे तो दुसरीकडे. जो पदार्थ पाणी पिऊन घेत नाही तो पाण्यात फुगत नाही, आणि जो फुगत नाही त्याचे माप टिकते. नायलॉन हे उत्तम, चिवट प्लास्टिक. पण ते पाणी शोषते आणि फुगते. काही शतांश मिलिमीटरच्या फटीचा हिशेब असलेल्या बुशात तेवढे फुगणे दांडा आवळायला पुरेसे असते. टेफ्लॉन, पॉलिइथिलीन, रबर हे पदार्थ महिनोन्महिने बुडून राहिले तरी जवळपास जसेच्या तसे राहतात. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी : पाण्याला दाद न देणारे नैसर्गिक रबर तेल मात्र आनंदाने पिते आणि फुगते. जड फिरणाऱ्या रबरी बुशाला ‘जरा तेल सोडू’ हा घरगुती उपाय म्हणूनच उलटू शकतो. नायट्राइल जातीचे रबर तेलाला बरेच सोसते, पण हाती असलेले बुश कोणत्या जातीचे हे पाहून ओळखता येत नाही.

कार्बनच्या गाद्यांचीही एक मौज आहे. ग्राफाइट आपल्या अंगच्या गुणाने निसरडे, असे शाळेत शिकवतात. दुसऱ्या महायुद्धात विमाने फार उंचावर उडू लागली तेव्हा त्यांच्या जनित्रांतील कार्बनचे ब्रश झपाट्याने झिजून भुकटी होऊ लागले. शोध घेता कळले की त्या उंचीवरच्या हवेत बाष्प नसते, आणि ग्राफाइटला निसरडे राहण्यासाठी थोडे तरी बाष्प लागतेच.

अलीकडे संशोधकांनी जलद्वेषातून घर्षण कमी करण्याची आणखी एक वाट चाचपून पाहिली आहे. भिंतीला लागून पाणी अगदी स्थिर न राहता किंचित घसरते, असे मानून क्लोद नाव्हिए यांनी १८२३ मध्येच गणित मांडले होते. आज ही घसरण मोजता येते. गुळगुळीत जलद्वेषी पृष्ठभागावर तिचे माप काही नॅनोमीटर ते फार तर काही दशक नॅनोमीटर येते, तर बुशातला पाण्याचा थर हजारो नॅनोमीटरचा. लाभ नगण्यच. अळूच्या पानासारखा खडबडीत पृष्ठभाग घेऊन त्यात हवेचे कण अडकवले तर ही घसरण पुष्कळ वाढते. पण बेअरिंगमधील दाबापुढे ती हवा टिकत नाही. प्रयोगशाळेतील हे काम मोलाचे आहे, परंतु ‘लोटस इफेक्ट’च्या नावाने कोणी पंपाचे बुश विकू लागला तर दोनदा विचार करावा, असे सुचवावेसे वाटते.

वेग, पाणी आणि निमुळती फट यांवर सारे अवलंबून असेल, तर मोटर कोणत्या वेळी संकटात येते हे वेगळे सांगावे लागत नाही. पहिली वेळ म्हणजे विहीर आटते ती. पातळी पंपाच्या जाळीखाली गेली की वरची रबरी बुशे कोरडी पडतात. वंगण गेले आणि उष्णता नेणारेही गेले. रबर उष्णतेचे वाईट वाहक असल्याने ती तेथेच साठते आणि थोडक्याच वेळात रबर करपते. खाली मोटरीभोवतीचे वाहते पाणी थांबल्याने आतले पाणीही तापते. वायंडिंगवरील पीव्हीसीचे वेष्टन साधारण सत्तर अंशांपर्यंतच भरवशाचे असते. यात भर पडली ती ऑटो स्विचची. महाराष्ट्रात शेतीला तीन फेज वीज वर्षानुवर्षे दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशा पाळीने मिळत आली. रात्री बांधावर जाणे जिवावरचे, म्हणून वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा स्विच घरोघरी बसला. त्यात शेतकऱ्याची चूक काय? पण माणूस घरी झोपलेला, वीज रात्री आलेली आणि विहिरीत पाणी नाही, अशा वेळी तो स्विच पंपाला कोरडाच फिरवतो. कोरडेपणा ओळखून वीज तोडणारे साधन बाजारात मिळते. मोटर पुन्हा भरून घेण्याच्या खर्चापुढे त्याची किंमत किरकोळ आहे.

दुसरी वेळ आहे ती मंद गतीची, आणि ती सौर पंपांबरोबर आली. साक्री तालुक्याला उन्हाची वाण नाही. शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. २०१९ मधील केंद्राची कुसुम योजना आणि २०२४ मधील राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांमुळे शेतातही पॅनेल दिसू लागले. रात्रीच्या पाळीतून सुटका झाली, हे मोठेच काम झाले. परंतु सकाळी-संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी ऊन अपुरे असते, आणि नियंत्रक मोटरीला कमी वेगाने फिरवू लागतो. विजेच्या पन्नास हर्ट्झऐवजी वीस-पंचवीसवर मोटर रेंगाळत राहिली तर थ्रस्ट बेअरिंगमधील पाण्याचा पापुद्रा तयारच होत नाही, आणि कार्बन पोलादाला घासत राहतो. म्हणून पाणबुडी मोटरींचे उत्पादक सहसा तीस हर्ट्झची किमान मर्यादा घालतात, आणि ती गाठायलाही फार वेळ लावू नये असे सांगतात. संध्याकाळी ‘थोडे तरी पाणी येते आहे’ म्हणून ही मर्यादा खाली आणून घेण्याचा आग्रह धरू नये. त्या थोड्या पाण्याची किंमत बेअरिंग मोजत असते.

शहरांच्या पाणीपुरवठ्यातही हाच नियम पाळला जातो. नदीकाठच्या जॅकवेलवर लांब दांड्याचे उभे पंप असतात. मोटर वर, पंप खाली पाण्यात, आणि मधल्या दांड्याला जागोजागी रबरी बुशे. पाण्याच्या वरची बुशे बंद काळात कोरडी होतात. म्हणून चालक पंप सुरू करण्याआधी वरच्या छोट्या टाकीतून काही वेळ त्यांच्यावर पाणी सोडतो. नळाला पाणी येण्यास थोडा उशीर झाला, तर त्यातली काही मिनिटे या कामीही गेलेली असतात.

पंपाला पाण्यात ठेवायचे तर विहिरीत पाणी ठेवावे लागते, हे सांगायला अभियंता नको. साक्री तालुक्याच्याच पश्चिमेला असलेल्या बारीपाड्याने जंगल राखून आणि पाणी अडवून ते करून दाखवले. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

दुरुस्त झालेली मोटर पुन्हा विहिरीत सोडण्यापूर्वी चांगला कारागीर दोन गोष्टी करतो. वरचे बूच काढून तो तिच्या पोटात स्वच्छ, गाळलेले पाणी काठोकाठ भरतो, ती हलवतो, थोडा वेळ थांबतो, वर आलेले बुडबुडे जाऊ देतो आणि पुन्हा भरतो. आत राहिलेली हवा वरच्या बुशापाशी जाऊन बसते, आणि तेवढे बुश पाण्यात असूनही कोरडे राहते. मग तो दांडा हाताने फिरवून पाहतो. बरेच दिवस पडून राहिलेल्या पंपात रबर दांड्याला चिकटून बसलेले असते. पहिला वेढा जड जातो, दुसरा त्याहून हलका. दांडा मोकळा झाला की मगच तो मोटर विहिरीत सोडतो.